कृषी केंद्राचं चालू खातं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर: निवडताना काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात एकट्याच्या मालकीचं कृषी केंद्र आहे. उलाढाल वर्षाला ५०-५५ लाख. जीएसटी नोंदणी झालेली आहे, पण दुकानाचा पैसा स्वतःच्या बचत खात्यात फिरतो, काउंटरवरचा क्यूआर कोड पत्नीच्या खात्याचा आहे आणि उधारी वहीत लिहिली जाते. आता चालू खातं कोणत्या बँकेत काढावं आणि टॅली घ्यावं की मोबाइलचं एखादं ॲप?

भाऊ, बँकेचं आणि सॉफ्टवेअरचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. आधी एका कागदावर बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यासमोर रोख किती येते, ऑनलाइन किती येते आणि किती जाते ते अंदाजाने मांडा. आपल्याकडचं चित्र बहुतेक असंच निघतं: मे-जूनमध्ये बियाणं-खताला सगळा पैसा बाहेर जातो, जुलै ते सप्टेंबर गल्ला जवळपास कोरडा, मग दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचे चुकारे मिळाले की वसुली सुरू होते, सीतादहीपासून (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) पुढे कापूस विकेल तशी वाढते आणि तूर-चना निघेपर्यंत चालते. बँकेचे दर असोत की सॉफ्टवेअरची जाहिरात, दोन्ही बाराही महिने सारखी विक्री असलेल्या शहरातल्या दुकानाला धरून बनवलेले असतात. आपलं नुकसान होतं ते तिथेच.

पत्नीच्या खात्याचा क्यूआर मात्र आजच काढून टाका. त्या खात्यात जमा होणारी रक्कम कागदोपत्री तिची दिसते, आणि तुमच्या विवरणपत्रातली विक्री त्या रकमेशी जुळत नाही. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, म्हणजे हा आकडा बघितला जातो. रोखीचंही तसंच. बचत खात्यांत वर्षभरात १० लाख रुपये रोख भरले की बँक आयकर खात्याला कळवते, चालू खात्यासाठी ही मर्यादा ५० लाख आहे. फर्मच्या नावाने आलेला चेक तर स्वतःच्या बचत खात्यात वटतच नाही.

एकल मालकीच्या फर्मचं चालू खातं काढायला मालकाचा पॅन आणि आधार तर लागतोच, शिवाय फर्मच्या नावाचे व्यवसायाचे दोन पुरावे लागतात. जीएसटी प्रमाणपत्र हा एक. दुसरा म्हणून उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) सगळ्यात सोपी: सरकारी पोर्टलवर आधार-पॅनवर होते, फी शून्य. त्यासाठी पैसे मागणाऱ्या खासगी वेबसाइटी आहेत, पत्ता नीट बघा. (व्यापाऱ्याला उद्यमचा उपयोग प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच, पण बँकेला तेवढं चालतं.) दुकान व आस्थापना कायद्याखालची सूचना पावतीही पुरावा म्हणून चालते. बियाणं, खत आणि कीटकनाशक या तीन परवान्यांच्या प्रती सोबत ठेवा. अर्ज अडकतो तो बहुतेक नावात. परवान्यावर ‘कृषी सेवा केंद्र’, जीएसटीवर ‘कृषी केंद्र’, उद्यमवर नुसतं मालकाचं नाव, असं असेल तर मॅनेजर फाइल परत करतो. आधी तिन्हीकडे एकच नाव करून घ्या, स्पेलिंगसकट. खातं झालं की ते जीएसटी पोर्टलवर चढवा. नव्या नोंदणीला त्यासाठी ३० दिवस किंवा पहिलं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरण्याचा दिवस, जे आधी येईल तेवढीच मुदत असते, आणि खातं तुमच्या पॅनवरचंच लागतं.

आता दर. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, उलट बँक आपल्याकडून घेते, म्हणून शाखेतून छापील सेवाशुल्क तक्ता मागा आणि त्यात चार ओळी शोधा: सरासरी शिल्लक महिन्यावर मोजतात की तिमाहीवर, महिन्याला किती रोख फुकट भरता येते, त्यापुढे हजाराला किती रुपये, आणि दुसऱ्या शाखेत रोख भरली तर काय. किमान शिल्लक सगळे विचारतात, पण खरा पैसा जातो रोख भरण्यात. समजा फुकट मर्यादा महिन्याला ५ लाख आहे आणि पुढे हजाराला ३ रुपये. नोव्हेंबर ते जानेवारी तुम्ही महिन्याला ८ लाख रोख भरता. वरच्या ३ लाखांचे ९०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला १,०६२. तीन महिन्यांत ३,१८६. वर्षाची सरासरी काढली तर तुम्ही मर्यादेच्या आतच दिसता, म्हणून तक्ता बघताना डोळ्यासमोर जानेवारी ठेवा. शिल्लकीसाठी उलट, जून बघा. मालाचे पैसे भरून खातं रिकामं झालेल्या महिन्यात दंड बसतो. तिमाहीच्या सरासरीत एप्रिलची शिल्लक जूनला सांभाळून घेते, महिन्याच्या सरासरीत घेत नाही.

ऑनलाइन एनईएफटी फुकट करण्याची रिझर्व्ह बँकेची सक्ती बचत खात्यापुरती आहे. चालू खात्याला बँक शुल्क लावू शकते. शाखेत जाऊन केलेल्या एनईएफटीला रकमेप्रमाणे अडीच ते २५ रुपये आणि आरटीजीएसला ५ लाखांपर्यंत २४.५० रुपये अशी कमाल मर्यादा आहे, वर जीएसटी. ही रक्कम किरकोळ आहे, यावरून बँक निवडू नका.

अंतर मात्र किरकोळ नाही. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दीड-दोन लाखांची रोकड गाडीवरून घेऊन जायची तर १४ किलोमीटरवरची राष्ट्रीयीकृत बँक जिल्ह्याच्या ठिकाणच्या चकचकीत खासगी बँकेपेक्षा बरी. खासगी बँकेचा प्रतिनिधी दुकानात येऊन खातं काढून देतो, रोख भरायला मात्र शाखा लागते. रोख भरायचं मशीन १०-२०च्या नोटा सहसा घेत नाही, आणि आपल्या गल्ल्यात त्याच जास्त.

ग्रामीण बँकेची शाखा गावात असेल तर ती चांगली निवड आहे. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, तेव्हा बिलावर बँकेचा तपशील छापण्याआधी आयएफएससी कोड शाखेतून लिहून घ्या, जुन्या पासबुकातून नको. जिल्हा मध्यवर्ती बँक शेतकऱ्याच्या पीककर्जाची बँक आहे आणि तुमचे बरेच गिऱ्हाईक तिथेच असतील. पण नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँका परवान्याच्या प्रश्नावरून काही वर्षं अडकल्या होत्या हे विसरू नका. यवतमाळचा त्यात संबंध नाही, तरी मोठी शिल्लक एकाच सहकारी बँकेत ठेवू नये. ठेव विम्याचं संरक्षण प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे, आणि एकल मालकीत फर्मचं चालू खातं व तुमचं स्वतःचं बचत खातं एकाच बँकेत असेल तर दोन्ही मिळून ५ लाख धरतात. पतसंस्थेला हा विमा नाहीच. पिग्मी एजंट रोज दुकानात येतो म्हणून वसुलीचा पैसा तिथे साठवायची सवय आपल्याकडे जुनी आहे. दिवसाचे दोन-चारशे ठीक, हंगामाची वसुली नको.

बँक ठरवण्याचं सगळ्यात वजनदार कारण म्हणजे पुढचं कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तशी उचल करायची धंद्याची कर्जमर्यादा. तुमच्यासारख्या छोट्या व्यवसायाला खेळतं भांडवल देताना बँका साधारण अंदाजित उलाढालीच्या २० टक्के धरतात. पुढच्या वर्षीचा अंदाज ६० लाख असेल तर मर्यादा १२ लाखांच्या घरात बसते, पण ती उलाढाल बँकेला दिसायला हवी. म्हणून जी शाखा कर्ज देईल असं वाटतं तिथेच चालू खातं काढा आणि किमान एक हंगाम सगळा पैसा त्यातून फिरवा. मग अर्ज फेब्रुवारीत द्या. मे महिन्यात दिलेल्या अर्जाचे पैसे पेरणी उलटून गेल्यावर मिळतात.

कॅश क्रेडिट मिळाल्यावर कृषी केंद्रवाले दोन ठिकाणी फसतात. उचल ठरवताना बहुतेक बँका ९० दिवसांवरची येणी धरत नाहीत. जूनची उधारी सप्टेंबरअखेर त्या यादीतून बाहेर पडते आणि नेमकी हातात पैसा नसताना उचलीची मर्यादा घटते. मंजुरीच्या वेळीच पिकाच्या हंगामाप्रमाणे येण्यांची मुदत जास्त धरा असं लेखी मागा, काही शाखा मानतात. दुसरं, खात्यात ९० दिवसांत लागलेल्या व्याजाइतकीही भर पडली नाही तर खातं थकीत होतं. जुलै ते सप्टेंबरचं व्याज भरायला लागणारी रक्कम मे महिन्यातच बाजूला काढा.

क्यूआर त्याच बँकेचा, फर्मच्या नावाचा घ्या. पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याचं भाडं लागतं. वेगळ्या पेमेंट कंपनीचा क्यूआर घेतला तर दिवसभराची रक्कम अनेकदा एकत्र जमा होते, कधी भाडं कापून, आणि पासबुकात एकच आकडा दिसतो. कोणाचे किती हे कळायला कंपनीचा रोजचा अहवाल उतरवावा लागतो. आणखी एक अडचण खास उधारीच्या धंद्याची: शेतकऱ्याचे पैसे पुण्याला असलेला पोरगा पाठवतो. नाव पोराचं, खातं बापाचं. पाठवताना टिपणात वहीतला खाते क्रमांक लिहायला सांगा आणि नोंद त्याच संध्याकाळी करा. आठवड्याने कोणालाच आठवत नाही. क्यूआरच्या खात्यात शिल्लकही साचू देऊ नका. फसवणुकीच्या तक्रारीतला पैसा फिरत तुमच्याकडे आला तर पोलिसांच्या सूचनेवरून रक्कम किंवा अख्खं खातं गोठतं आणि ते सुटायला वेळ लागतो. दुसऱ्या बँकेत एक छोटं खातं राखून ठेवलं तर तेवढ्या काळात दुकान चालतं.

वितरक सुरक्षा म्हणून सहीचे कोरे चेक मागतात. द्यावेच लागले तर ‘सुरक्षेसाठी’ असं लिहिलेलं पत्र जोडून पोच घ्या, चेक क्रमांक टिपून ठेवा. खात्यात पैसे नसताना चेक लागला तर फौजदारी प्रकरण होतं.

सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी एक निर्णय करसल्लागारासोबत करा: नियमित जीएसटी की आपसमेळ, म्हणजे कंपोझिशन. दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला कंपोझिशनमध्ये करपात्र विक्रीच्या १ टक्का कर खिशातून भरावा लागतो, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि बिलावर कर दाखवता येत नाही. शेतकरी जीएसटीधारक नसल्याने त्याला करबिलाचा उपयोग नाही, म्हणून कंपोझिशन आकर्षक दिसतं. पण कीटकनाशकावर खरेदीलाच १८ टक्के कर आहे, खतावर ५, आणि खतातला नफा किती थोडा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. औषधांची विक्री जास्त असेल तर दोन्ही पद्धतींचं गणित मागच्या वर्षीच्या आकड्यांवर करून बघा. सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला निवडायचा पर्याय यावर ठरतो. चुकीचा निवडला तर वर्षभराची बिलं चुकीची छापली जातात.

एका कृषी केंद्राच्या बिलात तीन दर येतात: पेरणीचं बियाणं करमुक्त, खत ५ टक्के, रासायनिक कीटकनाशक १८ टक्के. सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि ठरावीक १२ जैविक कीटकनाशकं २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आली. सॉफ्टवेअरमध्ये दर तारखेप्रमाणे बदलता यायला हवा, नाहीतर जुनं बिल उघडताच नवा दर लागतो. करमुक्त आणि करपात्र माल गैरनोंदणीकृत गिऱ्हाइकाला एकाच बिलात देता येतो, त्यासाठी दोन बिलं फाडायची गरज नाही. एचएसएन कोड (जीएसटीसाठी वस्तूच्या प्रकाराचा क्रमांक) प्रत्येक वस्तूला एकदाच नीट भरा: कापसाचं बियाणं १२०७, सोयाबीन १२०१, युरिया ३१०२, डीएपी ३१०५, कीटकनाशक ३८०८.

यानंतरची अट लॉटची, म्हणजे मालाच्या खेपेच्या क्रमांकाची, आणि वापराच्या मुदतीची. तुमच्यासाठी हीच सगळ्यात मोठी. बियाणं उगवलं नाही तर शेतकरी पावती, पिशवी आणि टॅग घेऊन कृषी विभागाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जातो. पावतीवर लॉट क्रमांक नसेल तर तो माल कोणत्या कंपनीच्या कोणत्या खेपेतला हे तुम्हाला दाखवता येत नाही आणि दोष दुकानावर येतो. साध्या किराणा ॲपमध्ये लॉटची सोय नसते किंवा महागड्या योजनेत असते. टॅलीमध्ये ती आहे, पण बॅच (म्हणजे लॉट) आणि मुदत हे दोन्ही पर्याय आधी चालू करावे लागतात. वर्षभर न करता चालवणारे पुष्कळ आहेत. मार्गसारखी औषध दुकानांसाठी बनलेली सॉफ्टवेअरं इथे सोयीची पडतात.

छपाईवर कोणी विचार करत नाही. दोन इंची थर्मल कागदावर लॉट, मुदत, एचएसएन आणि दर मावत नाहीत. शिवाय थर्मलवरची अक्षरं उन्हाने उडतात आणि तक्रारीच्या दिवशी शेतकऱ्याकडे कोरा कागद उरतो. ए-५ कागदावर लेझर किंवा डॉट मॅट्रिक्स घ्या. वस्तूंची नावं मराठीत हवी असतील तर विकत घेण्याआधी ‘कपाशी’ आणि ‘सोयाबीन’ असं छापून बघा. पडद्यावर नीट दिसणारी जोडाक्षरं कागदावर फुटतात.

युरियाची गोणी ४५ किलोची आणि २६६.५० रुपयांची, डीएपीची ५० किलोची. एकक ‘गोणी’ ठेवून किलोचं रूपांतर प्रत्येक वस्तूला वेगळं द्या. सगळ्यांना ५० लावलं की खताचा साठा ई-पॉस मशीनशी (खतविक्री नोंदवायचं सरकारी यंत्र) कधीच जुळत नाही, आणि तपासणीला येणारा निरीक्षक मशीन, साठा रजिस्टर आणि प्रत्यक्ष थप्पी असे तिन्ही आकडे बघतो. मशीनमधली विक्री सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येईल असं विक्रेता म्हणाला तर समोर करून दाखवायला सांगा. नाहीतर रोज संध्याकाळी दोन्हीचा ताळा हाच उपाय.

उधारीचं खातं नुसत्या नावाने उघडू नका. एका तांड्यात एकाच नावाचे चार राठोड असतात. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, गाव, मोबाइल असा एकच क्रम ठेवा. जुनी बाकी भरताना एकरकमी ‘१८,४००’ न लिहिता बिलागणिक तारखेसह भरा, तरच कोणाची बाकी किती जुनी ते निघतं. उशिराबद्दल व्याज घेत असाल तर ते मिळाल्यावर त्यावरही त्या मालाच्या दराने जीएसटी लागतो.

तुम्ही ज्यांना देणं लागता त्यांच्या बाबतीतही बिलागणिक हिशेब हवा. नियमित जीएसटीत पुरवठादाराचं बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. पैसे दिल्यावर वजावट पुन्हा मिळते, व्याज जातं. २० मेच्या बिलाचे १८० दिवस १६ नोव्हेंबरला भरतात, म्हणजे वसुली नुकतीच सुरू झालेली असते. सॉफ्टवेअरने ऑक्टोबरमध्येच अशा बिलांची यादी द्यायला हवी. तेव्हा हाती येणारा पहिला पैसा त्या बिलांना द्यायचा, त्यातही १८ टक्केवाल्यांना आधी.

तर नाव. तुमची उलाढाल, तीन दर आणि लॉट बघता संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर घ्या, कारण वीज-नेट गेलं तरी लॅपटॉपवर बिल निघतं. टॅलीचा एका संगणकाचा कायमचा परवाना सुमारे २२,५०० रुपये अधिक जीएसटी असा आहे. महिन्याच्या भाड्यानेही मिळतो, एप्रिल ते जून भाड्याने चालवून मग ठरवता येतं. बिझी आणि मार्ग हे त्याच पंक्तीतले. व्यापार किंवा मायबिलबुकसारखी ॲप १५-२० लाखांच्या दुकानाला पुरतात आणि वर्षाचा खर्च कमी आहे. तुम्हाला लॉट आणि देण्यांच्या मुदतीत ती तोकडी पडतील असं माझं मत आहे. उधारीची आठवण पाठवायला ॲप वापरत असाल तर वापरा, पण हिशेब दोन ठिकाणी ठेवू नका. आणि तालुक्यातला करसल्लागार जे उघडू शकतो त्याला झुकतं माप द्या. त्याच्याकडे टॅली असेल आणि तुम्ही दुसरंच काही घेतलं, तर दर तिमाहीला एक्सेलच्या फायली दुरुस्त करत बसाल. तिमाही विवरणपत्राच्या पद्धतीत असाल तर जीएसटीआर-१ ची तारीख १३ आणि ३-बी ची (कर भरायच्या विवरणपत्राची) महाराष्ट्रासाठी २२, तेवढ्यात हे बसवायचं असतं.

सुरुवात १ एप्रिलला करा. जूनमध्ये मृग लागल्यावर नवं सॉफ्टवेअर शिकायला बसणारा माणूस चौथ्या दिवशी वहीकडे परततो. विकत घेण्याआधी विक्रेत्याला दुकानात बोलावून तुमचीच कागदपत्रं द्या: तीन दरांचं एक खरेदी बिल, उधारीची एक विक्री, त्यातली अर्धी वसुली रोख आणि अर्धी यूपीआयने, आणि ऑगस्टमध्ये कंपनीला परत केलेलं न विकलेलं बियाणं. या चार नोंदी त्याला समोर करता आल्या नाहीत तर तो तुम्हालाही शिकवू शकणार नाही.

पहिल्या वर्षी चुका ठरलेल्या असतात. बँकेत रोख भरली की ती ‘कॉन्ट्रा’ नोंद, म्हणजे आपलाच पैसा गल्ल्यातून बँकेत गेल्याची, टॅलीत एफ-४. ती जमा पावतीत टाकली तर तोच पैसा दोनदा आलेला दिसतो. घरखर्चाला गल्ल्यातून काढलेले पैसे ‘उचल’ खात्यात टाका, दुकानखर्चात नको. ट्रक आला, माल विकला आणि खरेदी बिल आठवड्याने भरलं की साठा उणे दिसतो. रोख शिल्लक उणे दिसली तर ते त्याहून वाईट, कारण नसलेली रोकड खर्च झाली असा त्याचा अर्थ निघतो. एका दिवशी एका माणसाला १० हजारांवर रोख खर्च दिला तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, आणि एका माणसाकडून दिवसाला २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, उधारीची वसुली असली तरी. बँकेचा ताळा महिन्यातून एकदा, वसुलीच्या तीन महिन्यांत दर आठवड्याला.

रोजचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो घरी न्या, दुकानात लॅपटॉपच्या बाजूला ठेवू नका. आठवड्याला एक प्रत ईमेलवर. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, म्हणून ॲपच घेणार असाल तर वर्गणी संपल्यावर जुनी बिलं बघता येतात का आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, हे पैसे भरायच्या आधी चाचणी खात्यावर स्वतः करून बघा.